व्हिएन्नातील हिवाळ्याचे तीन महिने

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला महिन्यापूर्वीच गाठून सांगितले की, "तुम्ही तीन महिने युरोपात राहून आलात, तर तिकडची हकिकत सांगा." मी सातवी शिकलेली बाई. भाषण करण्याचा सराव नाही. तेव्हा जे पाहिले आणि जे नीट विचारून घेतले, तेवढेच सांगते. गोड मानून घ्यावे.

माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे व्हिएन्नाला असते. व्हिएन्ना ही ऑस्ट्रिया देशाची राजधानी. डॅन्यूब नदीच्या काठी वसलेली. वस्ती वीस लाखांची, आणि भाषा जर्मन. बहिणीच्या बाळंतपणासाठी मी २०२३ च्या नोव्हेंबरअखेर गेले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत परत आले. नव्वद दिवसांचाच परवाना मिळतो, त्यामुळे हिवाळा तेवढा पाहिला. तिथला उन्हाळा कसा असतो, ते मला विचारू नका!

प्रथम थंडीविषयी सांगते, कारण सगळ्याजणी तेच विचारतात. बर्फ रोज पडत नाही. पण पारा शून्याच्या आसपास घुटमळत असतो आणि वारा कानाला चावतो. थंडीपेक्षाही जड जातो तो अंधार. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सकाळी पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजून गेले की मावळतो. आपल्याकडे चार म्हणजे दुपारच्या चहाची वेळ. तिथे दिवे लागलेले असतात. मध्येही ढग असले तर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही.

घरात मात्र थंडी वाजत नाही. जुन्या घरांच्या खिडक्यांना एकापाठोपाठ एक अशी दुहेरी तावदाने असतात. भिंतीला लोखंडी नळ्यांची चौकट असते आणि तिच्यातून गरम पाणी फिरते. हे पाणी अनेक घरांना शहराच्या कारखान्यातून तापवून येते. त्यातला एक कारखाना, स्पिट्टेलाउ नावाचा, शहराचा केरकचरा जाळून ही ऊब तयार करतो आणि साठ हजारांहून अधिक घरांना पुरवतो. १९८७ साली तो आगीत जळाला होता. पुढे हुंडर्टवासर नावाच्या चित्रकाराने त्याला नवे रूप दिले. रंगीबेरंगी भिंती आणि धुराड्यावर सोनेरी गोळा असा तो आहे. मी ट्रॅममधून पाहिला तेव्हा मला एखादे देऊळच वाटले. केर जाळण्याची जागासुद्धा सुंदर असावी, हे मला फार आवडले.

गृहिणीच्या नजरेत भरणारी दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. १८७३ सालापासून डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी नळाने शहरात येते. डोंगर उंच आणि शहर खाली, म्हणून ते उताराने आपोआप वाहत येते. नळाचे पाणी तसेच प्यायचे. गाळणे नाही, उकळणे नाही. चपला-बूट दाराशी काढायची त्यांचीही रीत आहे. आणि कितीही थंडी असो, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे खिडक्या सताड उघडून घरातली हवा बदलायची, असा तिथल्या बायकांचा नेम. घरासमोरच्या पायवाटेवरचा बर्फ सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत घरमालकाने साफ ठेवला पाहिजे, असा कायदाच आहे. म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरू नये म्हणून बारीक खडी पसरतात.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. इतका अंधार आणि गारठा, तेव्हा ही माणसे चार महिने दारे लावून घरात बसत असतील असा माझा समज होता. पण पाहते तो उलटेच. त्यांच्या करमणुकीचा खरा हंगाम हिवाळाच! जणू शहराने ठरवूनच ठेवले आहे की, अंधार पडला की माणसाला घराबाहेर काढायचे.

डिसेंबरात नाताळचे बाजार भरतात. त्यातला मोठा नगरपालिकेच्या भव्य इमारतीसमोर. तिथे लाकडी खोपट्यांच्या रांगा, मेणबत्त्या, काचेचे गोळे, आल्याच्या गोड भाकऱ्या. कोपऱ्याकोपऱ्यावर शेगडी मांडून भाजलेले चेस्टनट विकतात. आपल्या शेंगांसारखे कागदाच्या पुडीत गरम गरम देतात. पुडी हातात धरली की बोटे शेकतात, हा दुहेरी फायदा. लोक गरम मसालेदार सरबत पितात. मोठ्यांच्यात दारू असते, मुलांसाठी बिनदारूचे वेगळे मिळते, ते आम्ही घेतले. ते मातीच्या रंगीत मगातून देतात आणि मगाचे पैसे अनामत घेतात. मग परत केला की पैसे परत. त्यामुळे एवढ्या गर्दीतही जमिनीवर कागदी पेल्यांचा खच नव्हता. आपल्या जत्रेत हे करून पाहण्याजोगे आहे.

चोवीस डिसेंबरला दुपारी दुकाने बंद होतात आणि संध्याकाळी रस्ता ओस पडतो. तो दिवस घरच्या माणसांचा. एकतीस तारखेला मात्र सगळे शहर रस्त्यावर. मध्यरात्री सेंट स्टीफनच्या चर्चची वीस टनांची घंटा वाजते. लगेच रेडिओवर 'निळी डॅन्यूब' हे नाचाचे संगीत लागते आणि अनोळखी माणसेसुद्धा चौकात जोडीने गिरक्या घेतात. त्या संगीताची कथा ऐकण्यासारखी आहे. १८६६ साली ऑस्ट्रिया प्रशियाशी लढाई हरला होता. लोकांची मने खचलेली. त्याच हिवाळ्यात, १५ फेब्रुवारी १८६७ रोजी, योहान श्ट्राउस यांचे हे संगीत एका गायक मंडळाने प्रथम म्हटले आणि त्याला थट्टेचे शब्द घातले होते. हरलेल्या माणसांना थोडे हसवावे म्हणून केलेली रचना आज तिथे मोठ्या मानाची झाली आहे.

एक जानेवारीला सकाळी जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचा नववर्षाचा कार्यक्रम होतो. तो नव्वदहून अधिक देशांत दाखवतात. आम्ही बाळाला मांडीवर घेऊन दूरचित्रवाणीवर पाहिला. आपल्या मुंबईचे झुबीन मेहता १९५४ साली त्याच शहरात संगीत शिकायला गेले आणि पुढे त्यांनी पाच वेळा या कार्यक्रमाचे संचालन केले, हे ऐकून मला आपल्या माहेरच्या माणसाचे कौतुक ऐकावे तसे वाटले. पण त्याच बैठकीत दुसरीही एक गोष्ट कळली. या थोर वाद्यवृंदाने १९९७ सालापर्यंत एकाही बाईला सभासद करून घेतले नव्हते. त्या साली हार्प वाजवणाऱ्या ॲना लेल्केस यांना पहिल्यांदा सभासदत्व मिळाले. त्या तर कितीतरी वर्षे त्यांच्यात बसून वाजवीत होत्या! म्हणजे बायकांनी ऐकायला यावे, फुलासारखे नटून बसावे, पण वाजवू नये, हा हट्ट त्या सुधारलेल्या देशातही फार काळ टिकला. तेव्हा तिकडचे सगळेच सोने आहे असे मी म्हणत नाही.

बहिणीच्या शेजारी, खालच्या मजल्यावर, एक आजी राहतात. ऐंशीच्या घरात वय, एकट्या. जन्मभर मिठाईच्या दुकानात काम केलेल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, मला जर्मन येत नाही. मध्ये बहीण दुभाषी. बहीण नसली तर आम्ही दोघी हातवाऱ्यांवर भागवीत असू आणि तेही बरे चालत असे.

जानेवारी-फेब्रुवारीत तिथे नाचाच्या समारंभांचा हंगाम असतो. एका हंगामात चारशेहून अधिक समारंभ होतात. डॉक्टरांचा वेगळा, औषधवाल्यांचा वेगळा, कॉफीगृहवाल्यांचा वेगळा, शिकाऱ्यांचा वेगळा, फुलमाळ्यांचा वेगळा, आणि मिठाईवाल्यांचाही. नाट्यगृहातला सर्वात मोठा नाच श्रीमंतांचा. त्याच्या नुसत्या प्रवेशाला तीनशे युरोंवर पैसे पडतात. पण धंदेवाल्यांच्या नाचाला दुकानातल्या कामकरी बायकाही वर्षभर पैसे साठवून जातात. आजी मिठाईवाल्यांच्या नाचाला पुष्कळ वर्षे गेल्या. त्यांनी मला आपले कपाट उघडून दाखवले. त्यात लहान लहान डब्या, आरसे, पंखे, चिनी मातीच्या बश्या. मी विचारले, "हे काय?" तर समारंभाला आलेल्या प्रत्येक बाईला दारात एक छोटी भेट देण्याची तिथली जुनी चाल आहे, त्या भेटी!

मी म्हटले, अगं बाई, हे तर वाण! त्या आठवड्यात संक्रांत होती. मी त्यांना घरी बोलावले, हळदीकुंकू लावले, तीळगूळ दिला आणि आपल्याकडे याच दिवसांत घरोघर बायका जमतात, प्रत्येकीला काही तरी वस्तू लुटतात, हे सांगितले. आजींनी बहिणीला म्हटले, "तुझ्या अक्काला विचार, त्या दिवशी पुरुष काय करतात?" मी म्हटले, "त्यांना त्या दिवशी बाहेर बसायला सांगतो." त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आले. मी दिलेली स्टीलची वाटी त्यांनी कपाटात त्या भेटींच्या ओळीत मांडली.

आता त्या नाट्यगृहाविषयी सांगते. ते १८६९ साली उघडले. १२ मार्च १९४५ रोजी, महायुद्ध संपायला दोन महिने उरले असताना, बॉम्ब पडून त्याचा मोठा भाग जळाला. शहरात अन्नाची टंचाई, परक्या फौजा आलेल्या. तरीही मंडळींनी दुसऱ्या नाट्यगृहांतून प्रयोग सुरू ठेवले आणि ५ नोव्हेंबर १९५५ रोजी हे नाट्यगृह पुन्हा उभे करून उघडले. आजींना लहानपणीचे ते दिवस अंधुक आठवतात.

तिथे पुढच्या चांगल्या खुर्चीला दोनशे युरोंच्या वर मोजावे लागतात. एक युरो म्हणजे तेव्हा नव्वद रुपये. हिशेब तुम्हीच करा! पण त्याच नाट्यगृहात चारशेहून अधिक 'उभ्या जागा' आहेत. त्यांचे तिकीट तेव्हा दहा युरोंपासून पुढे होते. आणि या जागा कुठे तरी अडगळीत नाहीत. त्यातल्या खालच्या मजल्यावरच्या जागा तर अगदी मधोमध, पूर्वी जिथे बादशहा बसत त्या सज्जाच्या बरोबर खाली. गरिबाला ऐकायला आणि पाहायला उत्तम जागा! समोर कठडा असतो. आत शिरले की आपला मफलर कठड्याला बांधायचा. बांधला की ती जागा तुमची. मग खुशाल बाहेर जाऊन पाणी पिऊन या, तुमचा मफलर कोणी सोडत नाही. ही रीत पाहून मला एस.टी.च्या खिडकीतून टाकलेला रुमाल आठवला आणि हसू आले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आजी मला घेऊन गेल्या. साडीच्या आत लोकरी पायजमा, पायात बूट, वर कोट, अशी माझी स्वारी! कोट दारातच ठेवून घेतात. खेळ होता श्ट्राउस यांचा 'वटवाघूळ'. हा खेळ १८७४ सालचा. आपल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली आले, म्हणजे सहाच वर्षांचे अंतर. आणि घडणही आपल्या संगीत नाटकासारखीच, गाणी आणि मधून मधून गद्य संवाद. भाषा कळत नसली तरी कठड्यावर छोटी पाटी असते, तिच्यावर इंग्रजी अक्षरे उमटतात. माझे इंग्रजी बेताचे. पण बहिणीने कथा आधीच सांगून ठेवली होती. एक मोलकरीण मावशी आजारी असल्याची थाप मारून मालकिणीचाच झगा घालून मेजवानीला जाते. तिथे मालकही चोरून आलेला. मालकीणही मुखवटा घालून येते. नवरा तिला ओळखत नाही आणि परकी बाई समजून तिच्याच मागे लागतो. ती त्याचे खिशातले घड्याळ काढून घेते, पुरावा म्हणून! हे कळायला जर्मन कशाला हवे?

साडेतीन तास उभे राहून पाय दुखले नाहीत असे नाही. पण स्वयंपाकघरात आपण रोज किती तास उभ्या असतो, ते कोणी मोजते का?

मैत्रिणींनो, आता एक गोष्ट सांगते, आणि ती सांगण्यासाठीच खरे म्हणजे मी आज उभी राहिले. बाळ डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाले. बाळ-बाळंतीण सुखरूप. मी डिंकाचे लाडू नेले होते, शेक-शेगडी घरातल्या घरात जमेल तशी केली. पण तिसऱ्या आठवड्यापासून बहीण गप्प गप्प राहू लागली. दुपारचे चार वाजले, बाहेर अंधारले, की तिच्या डोळ्यांना धार लागे. कारण विचारावे तर, "काही नाही गं अक्का, उगीचच." नवरा भला माणूस, पण तोही गोंधळला.

तिथे बाळंतपणानंतर सुईण घरी तपासायला येते आणि तिचा खर्च विम्यातून होतो. शिकलेली, शांत बाई. तिने बाळाला पाहिले आणि मग बाळाला माझ्याकडे देऊन बहिणीशीच कितीतरी वेळ बोलत बसली. जाताना तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, दिवसाचा उजेड असताना रोज बाळाला गाडीत घालून हिला बाहेर न्या. दुसरी, आठवड्यातून एकदा दोन-तीन तास हिचे स्वतःचे असू द्या, त्या वेळी बाळ दुसऱ्या कोणी सांभाळावे. आणि एवढ्याने उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे न्यायचे, लांबवायचे नाही, हेही बजावले.

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीने बाहेर पडू नये अशी रीत. त्या रीतीतही अर्थ आहे, बाईला विसावा मिळावा हाच. मी दोन्हींचा मेळ घातला. लाडू आणि शेक चालू ठेवला आणि दुपारी बारा वाजता बाळाला लोकरीत गुंडाळून आम्ही बागेत जाऊ लागलो. तिथे पाहते तो पाच-सहा बाळांच्या गाड्या, आणि आया एकमेकींशी बोलत चालल्या आहेत. सव्वा महिना झाल्यावर एका संध्याकाळी आजी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बहिणीला म्हणाल्या, "आज अक्का बाळापाशी, आणि तू माझ्याबरोबर."

ती नको नको म्हणत होती. मी तिच्या गळ्यात माझाच मफलर घातला आणि दार लावून घेतले. पहिला अंक संपल्यावर दोघी परत आल्या, कारण दूध पाजण्याची वेळ झाली होती. तिचे गाल लाल झाले होते. बाळाला पाजता पाजता ती कोणते तरी सूर गुणगुणत होती. महिन्याभरात मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. त्यानंतर रडणे एका दिवसात थांबले असे नाही. पण दिवस सुधारत गेले. सुईणही येत राहिली. मी निघाले तेव्हा नगरपालिकेसमोरच्या, बाजाराच्या जागीच केलेल्या बर्फाच्या मैदानाभोवती आम्ही तिघे-चौघे फिरायला गेलो होतो. तिथे आजोबा-नातवंडे पायाला पात्या बांधून घसरत होती, आणि बहीण त्यांच्याकडे बघून खळखळून हसत होती.

तेव्हापासून माझ्या मनात एक विचार घोळतो आहे. तिथली माणसे करमणुकीला चैन समजत नाहीत. जशी घराला ऊब हवी, तशी मनालाही, असे धरून तिची सोय करतात. कमी पैशांची जागा राखून ठेवतात. कॉफीगृहात एक पेला कॉफी घेऊन म्हातारी बाई दोन तास वर्तमानपत्र वाचत बसली तरी तिला कोणी उठवत नाही. उलट पाण्याचा पेला पुन्हा भरून देतात. आपल्याकडे मात्र बाईची करमणूक ही सगळ्यांची जेवणे, धुणी, पाहुणे, परीक्षा उरकल्यावर उरलीच तर! आणि ती उरत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

आपले मिरज गाव तर सुरांचे. इथल्या सतारी आणि तंबोरे देशोदेशी जातात. मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणे होते आणि ते ऐकायला तिकीट लागत नाही. व्हिएन्नात तेव्हा दहा युरो तरी पडत होते! पण आपल्यापैकी किती जणी जाऊन बसतात? जाऊ शकत नाहीत, कारण घरी लहान मूल असते, सासूबाई आजारी असतात, रात्री एकटीने परतायचे कसे हा प्रश्न असतो.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. महिन्यातून एक संध्याकाळ मंडळाने ठरवून बाहेर जाण्याची ठेवावी. गाणे असेल तर गाणे, नाटक असेल तर नाटक, काहीच नसेल तर नुसते नदीवर. दर महिन्याला दोन सभासदांनी घरी राहून बाकीच्यांची मुले सांभाळावी, आणि पुढच्या महिन्यात त्यांची पाळी बाहेर जाण्याची. परतताना सगळ्यांनी मिळून एकेकीला घरी पोचवावे. वर्गणीच्या डब्यातून ज्यांना जमत नाही त्यांचे तिकीट काढावे, आणि कोणाचे काढले ते कोणी विचारू नये. आणि कोणाच्या घरी नवी बाळंतीण असेल, तर तिच्याकडे जाताना बाळासाठी झबले-टोपडे जरूर न्यावे, पण घटकाभर तिच्याजवळ बसून, "तू कशी आहेस?" हेही विचारावे.

पहिल्या महिन्यात मुले सांभाळायला माझे नाव लिहून घ्या. दुसऱ्या नावासाठी चिटणीसबाई वही घेऊन दाराशी बसल्या आहेत.